कावळ्याचा घास

सकाळपासून तुळसीच्या हातातून फोन खाली उतरत नव्हता. तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या मुरलेलं हे मराठी घर; वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात फिरून फिरून फिरणार कुठे? स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा स्वयंपाकघरात. आज नवऱ्याचं, वेंकटरमणांचं, वर्षश्राद्ध. धाकटे दीर बालाजीराव सोवळं नेसून भटजींपुढे बसले होते. ज्याने बसायचं तो मुलगा कार्तिक जपानात, सेंदाईला. कॉलेजने त्याला अदलाबदलीच्या योजनेत वर्षभर शिकायला पाठवलं होतं.

बाकीचे विधी दीर उरकतील, पण कावळ्याचा घास मुलाच्याच हातचा हवा, हा तुळसीचा हट्ट. तिकडे गेल्यापासून पोरगा दर अमावास्येला होस्टेलच्या गॅलरीत भात ठेवत होता. आजच्यासाठी तिने त्याला आठवडाभर बजावलं होतं, की कावळा शिवल्याचा तुझा फोन येईस्तोवर मी पाण्याला तोंड लावणार नाही. बाई एकदा बोलली की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसे.

आणि आज वड्यांची डाळ वाटता वाटता मुलीने, नित्याने, सगळं ओकून टाकलं.

"अम्मा, त्या भातापायी तेला नोटीस आली आहे. तू घाबरशील म्हणून सांगटलं नाही."

तिकडे कचरा वाराप्रमाणे वेगळा बांधून रस्त्याच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि वर जाळी पसरायची. जाळी कशाला, तर कावळ्यांसाठीच. कार्तिकच्या भाताला सोकावलेल्या कावळ्यांनी त्या जाळीखालच्या पिशव्या ओढून फाडल्या. गल्लीभर अंड्याची टरफलं आणि चहाचा चोथा. वॉर्डनने कार्तिकला बिस्किटांचे पुडे घ्यायला लावून बारा घरी माफी मागायला नेलं. दर दारात कमरेतून वाकायचं, दर दारात तेच बोलायचं. पुन्हा भात दिसला तर खोली सोडायची, अशी नोटीस. आणि खोली गेली की वर्षही गेलं.

आपण ज्याला पितर म्हणून हात जोडतो, त्याच्यावर तिकडे जाळी टाकतात. आता यात दोष द्यायचा कुणाला?

तुळसीने फोन लावला. बंद. पोरगा वर्गात होता. साडेतीन तास पुढे असलेल्या त्या देशात जेवणाची सुट्टी आपल्या साडेआठला होते, हे तिला तोंडपाठ होतं. साडेआठला लावला, नुसता वाजत राहिला. "ठेवू नकोस रे, ठेवू नकोस," असे पाच निरोप तिने बोलून पाठवले. एकही त्याने ऐकला नाही. नऊ वाजले. वडे तळताना दोन करपले. ती पुन्हा गॅलरीत गेली, परत आली. आपल्याच हट्टाचा तिला इतका राग आला होता, की कुणी समोर बोललं असतं तर खैर नव्हती.

बालाजीराव बोललेच. "वैनी, कावळा शिवला नाही तर दादाला पोचेल कसं?"

"दादांना पोचायचं ते पोचेल, भाऊजी. पोराचं वर्ष गेलं तर कोण आणून देईल? तुम्ही?"

भटजींनी मंत्र जरा मोठ्याने म्हणायला घेतले.

दहाला फोन वाजला. पडद्यावर कार्तिक, नदीकाठच्या बाकावर बसलेला, थंडीने नाक लाल झालेलं.

"ठेवलास काय रे गॅलरीत?"

"नाही अम्मा. डब्यात घालून इकडे आणलं. एक तास उभा होतो. मी उभा आहे तोवर कावळे जवळ येत नाहीत. टाकून जायला धीर झाला नाही. कचरा टाकला म्हणतील."

"मग?"

"सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भूक लागली. मीच खाल्लो, अम्मा." आणि एवढा मोठा मुलगा नदीकाठी हुंदके देऊन रडू लागला.

"शिव शिव," मागून बालाजीराव म्हणाले. तुळसीने न बघताच हात वर करून त्यांना गप्प केलं.

"पुरला काय तुला?"

"हं."

"कसा झाला होता?"

कार्तिकने बाहीने नाक पुसलं. "अजून थोडा शिजायला हवा होता."

सत्तावीस वर्षं पानावर बसून वेंकटरमण हेच म्हणत आले होते, भात कितीही मऊ होवो. तुळसीला आधी हसू फुटलं, मग तिने पदर तोंडात कोंबला. ती दिराकडे वळली.

"शिवला," ती म्हणाली. "भटजींना सांगा, शिवला."