बोटभर फट

"आता मला एक शिडी घेऊन दे. नाहीतर मागे गाईंच्यात बसव," लव्हॉन पुटपुटली आणि दाराची कड धरून तिनं तिसऱ्यांदा पाय वर टाकला. या वेळी जमलं. सीटवर टेकून तिनं गुडघा चोळला. "अडुसष्टाव्या वर्षी हे असलं चढणं."

"घोड्यावर तर पटकन चढतेस," ऑरिन म्हणाला.

"घोडा थांब म्हटलं की थांबतो."

ऑरिननं किल्ली फिरवली. लव्हॉन मग खिडकीबाहेर बघत बसली.

मित्रांनो, ज्या गाडीच्या उंचीबद्दल ही कुरकुर चालली होती, ती जुनी पिकअप गाडी म्हणजे मी. मला पुढे दोन चाकं आहेत आणि मागे चार, दोन-दोनच्या जोडीनं, अगदी खांद्याला खांदा लावून. जड ओझं ओढायला मागे अशी दुप्पट चाकं लागतात. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी ऑरिन आणि लव्हॉन ट्वेट या नवराबायकोची रँच आहे, म्हणजे गुरं पाळायचा मोठा मळा. तिथे मी सव्वीस हिवाळे काढले. बर्फात गुरांना चारा पोचवला, अडलेल्या गाईसाठी डॉक्टर आणला, शेजाऱ्यांच्या गाड्या नाल्यातून ओढून काढल्या. ऑरिन चारचौघांत सांगायचा, "बायकोच्या खालोखाल माझा भरवसा हिच्यावर." लव्हॉन म्हणायची, "क्रम उलटा सांगतोय."

माणसांचे चेहरे मला नीट दिसत नाहीत. मी माणूस ओळखते तो पायावरून. ऑरिनचा पाय ब्रेकवर यायचा तो झोपलेल्या वासराच्या पाठीवर हात ठेवावा तसा. चोवीस वर्षं मी त्या पायाच्या जिवावर निर्धास्त होते.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी तो पाय बदलला. ऑरिनला साखरेचा आजार जुनाच होता. आता त्याचा पाय दगड पडावा तसा पडू लागला. कधी उशिरा पडे, कधी अर्धा ब्रेकवर आणि अर्धा शेजारच्या पेडलवर. तो कुठे टेकलाय हे मला कळायचं, ऑरिनला नाही. तेव्हापासून मला भीती वाटू लागली. किल्ली फिरली की मी थरथरायचे. ऑरिन म्हणायचा, "थंडीनं करते."

लव्हॉनचा पायही मला कळत होता. तिच्या बाजूला ब्रेक नाही, नुसता रबराचा तुकडा अंथरलेला आहे. प्रत्येक वळणावर ती तोच दाबायची. वर्षभरात टाचेखाली भोक पडलं. ते भोक तिनंही पाहिलं, ऑरिननंही. तिनं त्यावर एक जुना टॉवेल घातला.

वसंतात मी गुरांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळले. ऑरिन म्हणाला, "टायरांना पकडच नाही." मग कुंपणाचा खांब मोडला, तेव्हाही टायरच. गावात टायरचं दुकान चालवणाऱ्या वेंडेलकडे मला नेलं, तर आत शिरताना मी उडी मारल्यासारखी पुढे गेले आणि त्याचं लाकडी टेबल मोडलं. वेंडेल माझ्या दाराशीच उभा होता. ऑरिनचा पाय कुठे पडला ते त्याला दिसलं होतं. तो भुसा आणून जमिनीवर पसरू लागला. "तेल सांडलंय इथं," तो म्हणाला. "घसरायला होतं." तिथे थेंबभर तेल नव्हतं.

"मोठे टायर घाल हिला," ऑरिन म्हणाला. "चांगले रुंद. पकड पाहिजे."

वेंडेल मान खाजवत म्हणाला, "मागे जोडीची चाकं आहेत, ऑरिन. फार रुंद घातले तर एकमेकांना चिकटतील."

"तुझा बाप असता तर एव्हाना घालून मोकळा झाला असता."

"माझा बाप तुम्हाला घाबरायचा नाही," वेंडेल हसून म्हणाला. पण घातले. सहाही टायर. मग माझ्या मागच्या जोडीतल्या दोन चाकांच्या मधे त्यानं बोट घालून पाहिलं. "जातंय. बोटभर फट आहे."

मित्रांनो, हे माप त्यानं मी रिकामी असताना घेतलं. उपाशी माणसाच्या कमरेला पट्टा मोजावा तसं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की आधी पाठीवर ओझं घाल, मग बोट घाल. पण मला आवाज आहे तो फक्त हॉर्नचा, आणि तोही दुसऱ्यानं दाबला तर.

गावभर माझं कौतुक झालं. समोरून येणारे स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचे, इथला तो रामरामच. आता दोन उचलू लागले. मी मात्र उंचावरून खाली बघत घाबरत होते. चाकं मोठी झाल्यामुळे माझा वेगाचा काटाही खोटं बोलायला लागला होता. मी जोरात पळत असले तरी तो कमीच दाखवायचा.

सप्टेंबरच्या शेवटी डोंगरावर चरायला सोडलेली गुरं खाली आणायची वेळ आली. कुरकुरत लव्हॉन चढली ती त्याच सकाळी. मागून वेंडेल स्वतःची गाडी घेऊन आला, कारण या कामात शेजारी शेजाऱ्याला सोडत नाही. वर आम्ही रिकामे गेलो. परतताना माझ्यामागच्या लांब ट्रेलरमध्ये बारा गाई होत्या, आणि समोर अकरा मैलांचा उतार.

ओझं पाठीवर येताच माझे मागचे टायर खाली फुगले आणि ती बोटभर फट मिटली. दोन्ही बाजूंना जोडीतले टायर एकमेकांना घासू लागले. दोन मैलांत चटका बसायला लागला, चौथ्या मैलाला जळक्या रबराचा वास. फुटणार, आता फुटणार, एवढंच माझ्या मनात होतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी.

"कसला वास येतोय?" लव्हॉननं विचारलं.

"गाईंचा."

"सत्तेचाळीस वर्षं गाईंत काढलीत मी, ऑरिन. हा गाईंचा वास नाही."

"थांबवतो पुढं."

वळण आलं. त्याचा पाय ब्रेकसाठी निघाला आणि पडला तो वेग देणाऱ्या पेडलवर. माझं इंजिन किंचाळलं. ऑरिन आणखी जोरानं दाबू लागला, कारण त्याला वाटत होतं की तो ब्रेक दाबतोय. मागून बारा गाई मला ढकलत होत्या. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या क्षणी माझं पाणी झालं.

"पाय उचल," लव्हॉन म्हणाली. ती ओरडली नाही.

"दाबतोय ना, थांबत नाहीये ही."

"खाली बघ आणि पाय उचल."

हे म्हणतानाच तिनं वाकून स्टिअरिंगशेजारचा ट्रेलरच्या ब्रेकचा छोटा दांडा हातानं पूर्ण ओढला. ट्रेलरनं मला मागून धरलं. ऑरिननं खाली पाहिलं. मग त्यानं पँट धरून स्वतःचा पाय हातानं उचलला आणि ब्रेकवर ठेवला, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत मी कशीबशी उभी राहिले. मागच्या चाकांतून धूर निघत होता.

वेंडेल धावत आला. चाकांशी वाकून त्यानं फटीत बोट घालायला पाहिलं. बोट गेलं नाही, वर भाजलं.

"माझी चूक," बोट झटकत तो म्हणाला. "रिकामी असताना मोजलं मी. टायर घासले, म्हणून थांबेना. तुमचा यात काही दोष नाही, ऑरिन. उद्या जुन्या मापाचे चढवतो, पैसे नकोत."

"हो," लव्हॉन हळूच म्हणाली. "टायरच असणार." तिनं थर्मासमधली कॉफी ओतली.

मित्रांनो, उतारावर वाटली नाही एवढी भीती मला तेव्हा वाटली. उद्या मला योग्य मापाचे टायर मिळणार होते, आणि पाय तोच राहणार होता. आम्हा गाड्यांची काळजी घेताना तेलपाणी जरूर बघा, हवा बघा. आम्हाला पेलेल तेवढंच आमच्या अंगावर चढवा. पण तुम्हाला जे बोलवत नाही, ते झाकायला आम्हाला पुढे करू नका. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

ऑरिन माझ्या पायरीवर बसला होता. त्यानं बुटावर बोटांनी टकटक केली, दार वाजवावं तशी.

"टायरांचं तुझं बरोबर आहे, वेंडेल," तो म्हणाला. "पण टाकी, खांब, तुझं टेबल, तेव्हा जुनेच टायर होते." मग त्यानं लव्हॉनकडे पाहिलं. "मला हा पाय कळत नाही गं. दोन वर्षं झाली."