ड्रमच्या माइकमधला आवाज

"काका, गाणं आहे. मॅडम नाहीत."

रेकॉर्डिस्टने एवढं सांगितलं आणि कानावरचे हेडफोन काढून हातात धरून बसला.

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे पियानो आहे, बास आहे, ड्रम आहे. टाळ्यासुद्धा आहेत. मॅडमचा आवाज तेवढा आलेला नाही."

ज्याला तो काका म्हणत होता, त्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. काय बिघडलंय ते कळल्याशिवाय त्याला हळहळताही येत नसे. "कसं काय?" त्याने विचारलं.

बायकांच्या जाझ महोत्सवाचा लाइव्ह अल्बम निघणार होता. त्यात त्याच्या बायकोचंही एक गाणं होतं. महोत्सव झाला आणि दोनच महिन्यांनी ती दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. उभी हयात हॉटेलात गायली, पण तिथे रेकॉर्ड कोण करणार? मुलीने ओळखीपाळखीच्या सगळ्यांचे फोन धुंडाळले. मिळालं त्यात गाणं कमी आणि काट्याचमच्यांचा आवाज जास्त.

रेकॉर्डिस्टने समजावून सांगितलं. स्टँडवरच्या माइकमधून दोन वायरी निघत होत्या, एक हॉलच्या स्पीकरला, दुसरी रेकॉर्डिंगला. मॅडमनी तो माइक काढायला लावला आणि घरून आणलेला आपला जुना माइक जोडला. स्टेजवरच्या माणसाने त्याला फक्त स्पीकरची वायर दिली. स्टँडवरचा माइक पियानोखाली ठेवला, आणि मॅडमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग त्या पियानोखालच्या माइकमधूनच चालू राहिलं.

त्याला ते पटलं. ती तशीच होती. दुसऱ्याच्या माइकमध्ये गाणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचणं, असं म्हणायची.

"आणि तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही?"

"हॉलमध्ये दणदणीत येत होतं हो काका. आम्हीसुद्धा ऐकतच बसलो."

बरोबर ड्रमवाला आला होता. वर्षानुवर्षं तिच्या मागे बसून वाजवलेला. सगळे त्याला जाड्या म्हणत. तो म्हणाला, "माझ्या माइकमध्ये बघ जरा. वहिनी माझ्या डोक्यावर बसूनच गायच्या. थोडं तरी सांडलं असेल."

सांडलं होतं. बंद दाराआड कुणी गात असावं, तेवढंच. रेकॉर्डिस्टने आवाज वाढवला तशी झांज कानात फुटली. कमी केला तर झांजेबरोबर तिचा आवाजही गेला. पुष्कळ वेळ तो बटणं इकडून तिकडे करत राहिला. जाड्या म्हणाला, "मेल्या, मी एवढा कशाला बडवत होतो?" आणि हसायला गेला, पण ते जमलं नाही.

महोत्सवाच्या संयोजक बाईंचा फोन आला. मुलीचा आवाज आईसारखाच आहे, तिला वरून गाऊ द्या, आईच्याच नावाने लावू, कुणाला कळणार आहे? त्याने मुलीकडे बघितलं. ती बँकेतून थेट आली होती, खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती.

"करून बघते, बाबा," ती म्हणाली. "आजीसाठी."

आजी म्हणजे त्याच्या सासूबाई. आपली मुलगी हॉटेलात गाते म्हणून त्यांनी जन्मभर तिचं गाणं ऐकलं नव्हतं. घरी आली तर 'जेवलीस का' विचारत, गाण्याचं नाव काढत नसत. तेरावा झाल्यावर मात्र त्याला म्हणाल्या, "जावईबापू, तो अल्बम का काय तो आला की एकदा मला ऐकवा." तेव्हापासून दर रविवारी त्यांचं एकच विचारणं, आला का?

मुलगी काचेपलीकडे उभी राहिली. आवाज खरंच आईचा होता. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. दुसऱ्याच ओळीला ती थांबली. पुन्हा गायली, पुन्हा थांबली.

"बाबा, हे सगळे तिच्यासाठी थांबतायत. मी वेळेवर येते आणि बिघडतं."

"वहिनी तालाच्या मागून रमतगमत यायच्या," जाड्या म्हणाला. "आम्ही आपले दार उघडं धरून उभे."

"मग मी पण उशिरा येऊन बघते."

आली. तेही चुकलंच. तिने हेडफोन काढून ठेवले आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. "राहू दे गं," तो म्हणाला.

निघताना रेकॉर्डिस्टने ड्रमच्या माइकचं ते गाणं त्याच्या फोनवर दिलं.

रविवारी तो सासूबाईंकडे गेला. त्यांना आधीच कमी ऐकू यायचं. त्याने मोठे हेडफोन आणले होते, ते त्यांच्या कानांवर नीट बसवले. आवाज पूर्ण केला. त्या पदर सारखा करून ताठ बसल्या, पाहुणे यायचे असल्यासारख्या.

बराच वेळ झाला.

"नुसतंच बडवतायत हो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ती कधी गाणार?"

त्या वेळी ती गातच होती. त्याने हातानेच खूण केली, थांबा. त्या थांबल्या. डोळे मिटून, मान किंचित पुढे काढून. मग एकदम त्यांनी डोळे उघडले.

"टाळ्या झाल्या की!"

"हे दुसरंच लागलं, आई."

"मग तिचं?"

"पुढच्या खेपेला आणतो."

"आणा हो. मी काही कुठे जात नाही," त्या म्हणाल्या आणि हेडफोन स्वतःच काढून त्याच्या हातात दिले.

अल्बम निघाला. त्यात बाकीच्या सगळ्याजणी आहेत. तो अजूनही रविवारी जातो, औषधं देतो, काही बिघडलं असेल तर दुरुस्त करतो. सासूबाईंना सांगायचं राहिलंय.