जाळी पडली, म्हणजे ती बरी आहे

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मासे पकडायची नव्हे, आणि मांजर खिडकीतून पडू नये म्हणून लावतात तीही नव्हे. सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये मांजर नाही, हे शेजारच्या चिनी आजींना कितीदा सांगून झालं, तरी मला पाहिलं की त्या वाकून सोफ्याखाली मांजर शोधतात. मी शर्यतीच्या गाडीच्या खिडकीची जाळी आहे. माझं वय फार नाही, पण आमच्यात मुदत कापडावरच शिवलेली असते आणि माझी केव्हाच संपली. म्हणून मी जुनी.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. जाड काळे पट्टे उभे-आडवे मांडून, प्रत्येक जोडावर शिलाई मारून मला तयार केलं. शिवणाऱ्या बाईने मला दोन्ही हातांनी जोरात हिसडा दिला, मी फाटले नाही, तेव्हा तिने मला ढिगावर टाकलं. आमच्याकडे कौतुक एवढंच होतं.

स्टॉक कार नावाची गाडी बाहेरून रस्त्यावरच्या मोटारीसारखी दिसते. आत मात्र नुसता लोखंडी सांगाडा असतो आणि दारं उघडत नाहीत. चालक खिडकीतून आत शिरतो आणि मग त्या खिडकीला मला लावतात. गाडी उलटली तर त्याचा हात किंवा डोकं बाहेर जाऊ नये, हे माझं पहिलं काम. दुसरं त्याहून सोपं. अपघात झाला आणि चालक धडधाकट असेल, तर तो वरची कडी ओढून मला खाली पाडतो. लांब उभ्या असलेल्या मदतनिसांना त्यावरून कळतं की घाई नको. मी वरच राहिले, तर ते जिवाच्या आकांताने धावत सुटतात. थोडक्यात, मला दोनच गोष्टी येतात, वर राहणं आणि खाली पडणं. फुशारकी मारावी असं त्यात काही नाही.

माझी चालक निहारिका. बुकित बातोकच्या एका कंपनीत इंजिनिअर असलेल्या मनोहररावांची आणि उर्मिलाबाईंची एकुलती एक मुलगी. लहानपणी तिला गो-कार्टचं वेड लागलं. सिंगापुरात जागेचीच मारामार, म्हणून बाबा तिला दर शनिवारी कॉजवेचा पूल ओलांडून मलेशियातल्या जोहोरच्या ट्रॅकवर नेत. ट्रॅकवर जाई त्याहून जास्त वेळ पुलावरच्या रांगेत जाई. आई मागच्या सीटवर बसून थालीपीठाचे तुकडे पुढे सरकवायची. पुढे निहारिका शिकायला अमेरिकेला गेली, सुट्टीच्या दिवशी तिथल्या गोल ट्रॅकवर गाडी चालवू लागली, आणि एक दिवस नोकरीचं पत्र नाकारून तिने हाच धंदा पत्करला. पुण्याच्या मावशीने फोनवर विचारलं होतं, "गोल गोल फिरायचा पगार देतात?" देत होते. निहारिका चांगली चालवायची. शेवटच्या फेऱ्यांमध्ये इतर चालक घाई करायचे, ती वाट बघायची. तिला 'सिंगापूर गर्ल' म्हणत आणि तिच्या सहीसाठी लहान मुली रांगेत उभ्या राहत. मी त्या वेळी तिच्या खांद्याशीच असायचे. माझी सही कोणी मागितली नाही.

माझ्या पहिल्या मोसमाआधी डिसेंबरात ती घरी आली, तेव्हा मला बॅगेत घालून घेऊन आली. आईला मला बघायचं होतं. जेवणाच्या खुर्च्यांच्या पाठींना मला अडकवून निहारिकाने कडी ओढून दाखवली. मी धप्पकन खाली पडले.

"म्हणजे ही पडली की तू बरी?" आईने विचारलं.

"हां, आई. नेट डाउन मीन्स ओके. सिंपल लाह." सिंगापुरात वाढलेली माणसं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावतातच.

आईने स्वतः कडी ओढून पाहिली. पुन्हा लावली, पुन्हा ओढली. मग म्हणाली, "मला बाकी तुमचं काही कळत नाही. मी फक्त हिच्याकडे बघीन."

तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे इकडची रविवारची सकाळ. पोहे पुढ्यात घेऊन आई टीव्हीसमोर बसे. कितवा नंबर आला, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. गाडी भिंतीला घासली की तिचा घास हातातच राही. मी पडले की ती मावशीला फोन लावी, "जाळी पडली गं. बरी आहे." हे सगळं मला पुढे बाबांच्या बोलण्यातून कळलं. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण त्याच मोसमात एक शर्यत अशी झाली, की गाडी मागच्या बाजूने भिंतीवर आदळली आणि निहारिकाचं डोकं खुर्चीच्या कडेवर आपटलं. कितवी फेरी चालली आहे, हे तिला आठवेना. डोळ्यांसमोर एकाचे दोन दिसत होते. तरी तिचा हात सगळ्यात आधी माझ्या कडीवर आला. मी पडले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. तपासणाऱ्या डॉक्टरांना तिने हसून उत्तरं दिली, गॅरेजच्या मागे जाऊन ओकली आणि मग फोन लावला. "आई, पाहिलीस ना जाळी? ओके लाह, डोन्ट वरी."

त्यानंतर तिचं डोकं दुखायचं ते थांबेचना. वळणावर ती डोळे बारीक करून बघायची. हे माहीत असलेली मी एकटी, आणि मला बोलता येत नव्हतं. डोक्यावर पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला, तर माणूस जाऊ शकतो, हे गॅरेजमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. निहारिकालाही होतं.

एकदा सरावाच्या आधी ती फोन गाडीच्या टपावर टेकवून घरी बोलत होती. बाबा सहज म्हणाले, "स्टेंट टाकल्यापासून रोज चालायला जातो. मस्त वाटतं."

"बाबा, व्हॉट स्टेंट?"

मग आई पुढे आली. "अगं, मार्चमध्येच झालं ते. छोटंसंच होतं. मोसमातली तुझी पहिली शर्यत होती, उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?"

"आय कॉल एव्हरी संडे, आई. एव्हरी संडे तू म्हणतेस सगळं ठीक."

"ठीकच होतं की. आता मी सांगतेय ना."

निहारिका खूप चिडली होती. तिने फोन ठेवला आणि खिडकीशी लोंबणाऱ्या माझ्याकडे बघत राहिली. "सेम सेम लाह, आपण सगळे," ती स्वतःशीच म्हणाली आणि आत शिरली.

पुढच्याच शर्यतीत समोरच्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि आमची त्यांच्यावर जाऊन धडकली. धूर झाला. ती शुद्धीत होती, मित्रांनो. तिचा हात सवयीने वर आला, कडीवर बोटं टेकली. तिला मला पाडता आलं असतं. वुडलँड्समध्ये पोह्यांची बशी घेऊन कोण बसलं आहे, हे तिला माहीत होतं. मग तिने हात मांडीवर ठेवला.

मी वरच राहिले. मदतनीस धावत आले.

टीव्हीसमोर आईने "पाड ना गं, पाड ना" असा धोशा लावला होता, असं बाबा सांगतात. मग ती ओरडली आणि बाबांनी टीव्ही बंद केला.

डॉक्टर म्हणाले, नेमकी वेळेवर आली, यापुढे शर्यत नाही. निहारिकाची कारकीर्द तिथे संपली. ती घरी परतली, गाडीतून काढलेली एकच वस्तू घेऊन. आईला माझं तोंड बघवेना. "पाडली असतीस तर मी मेले नसते त्या दिवशी," ती म्हणाली. "मी बरी नव्हते, आई," एवढंच निहारिका म्हणाली. मग मला फ्लॅटच्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे हल्ला झाला तर लपायला बांधलेल्या जाड भिंतींच्या खोलीत टाकलं, जिथे सिंगापूरची सगळी घरं रिकाम्या सूटकेस आणि तांदळाच्या गोणी ठेवतात. तिथे मी कांद्यांच्या टोपलीखाली पडून राहिले. माझा अपमान झाला असं मला वाटलं. नंतर वाटेनासं झालं.

निहारिकाचे काही दिवस वाईट जातात. उजेड सोसत नाही, ती पडदे लावून पडते. आई दर थोड्या वेळाने दार वाजवी, "बरी आहेस ना?" आतून उत्तर येई, "ओके लाह." शेवटी एक दिवस निहारिकाने कांदे बाजूला करून मला बाहेर काढलं, बाबांकडून चौकटीला हूक बसवून घेतले आणि मला दारावर लावलं. वर असले की आज बरं नाही. खाली असले की बरं आहे, आत या. त्या दिवसापासून आईचं दार वाजवणं थांबलं, आणि मी वर असले की ती न विचारता आत जाऊन निहारिकाच्या पायाशी बसते.

मग गेल्या आठवड्यात एक नवल घडलं. सकाळी निहारिका उठली, तर मी तिच्या दारावर नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, ॲप्रन अडकवायच्या हुकांना, वर. आत आई स्टुलावर बसली होती. गॅसवर काही नव्हतं.

"आई?"

"आज मला बरं वाटत नाहीये," आई म्हणाली. "छातीत भरून येतंय. भीतीपण वाटतेय."

या घरात असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. निहारिकाने टॅक्सी बोलावली. दोघी लिफ्टपर्यंत हात धरून गेल्या. इस्पितळात वेळेवर पोचल्या. आई आता घरी आहे, आणि भाजीत मीठ कमी घातल्याबद्दल बाबांवर रागावते.

मित्रांनो, माझी मुदत संपली आहे आणि मला कोणी पुन्हा गाडीला लावणार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी जाळी नसेल. तरी कोणी "सगळं ठीक" म्हणालं, तर एकदा आत डोकावून बघा. आणि तुम्हालाच बरं नसेल तेव्हा, कोणी कितीही लांबून बघत असलं तरी, जाळी पाडू नका. वर राहू द्या. माणसं धावत येतात, मी पाहिलं आहे.