माणिकबाईच्या डोक्यावरची पेटी

मित्रांनो, आधी माझ्या झाकणावर बोटानं एक टिचकी मारा बरं. आला ना खणखणीत आवाज? धारणीच्या जंगलातलं सागवान आहे हे, वय झालं म्हणून मला पोकळ समजू नका. अमरावतीच्या नत्थुजी मिस्त्रींनी मला घडवलं, पितळी कोपरे ठोकले, कातडी पट्टा लावला आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "जाय बाई, आता गावं हिंड." तेव्हापासून मी हिंडतच आले.

मी देवी काढायची पेटी. माझ्या एका कप्प्यात लसीच्या बारीक काचेच्या नळ्या, दुसऱ्यात टोचायची सुई, स्पिरिटचा दिवा, कापूस आणि तळाशी जाडजूड रजिस्टर. देवीच्या रोगानं तेव्हा वऱ्हाडात घरंच्या घरं रडवली होती. ज्या बाळाच्या दंडावर लस टोचली ते वाचायचं, इतकं साधं काम होतं. ऐकायला साधं हो, करताना मात्र नाकी नऊ येत.

पहिली बावीस वर्षं मी किसनरावांच्या खांद्यावर काढली. माणूस सरळ आणि कष्टाळू. पातूरच्या आसपासची वीस गावं त्यांनी पायी तुडवली. पण खाकी कोट, डोक्यावर टोपी आणि खांद्याला मी, अशी स्वारी वेशीत दिसली की दारं धडाधड लागत. बाया लेकरं काखोटीला मारून तुरीच्या वावरात पळत. एकीनं तर बाळ रिकाम्या कणगीत ठेवून वर सूप झाकलं. बाळ आत शिंकलं, तरी ती ठामपणे म्हणते, "मांजर हाये." सुनेच्या मांडीवरचं लेकरू परक्या पुरुषानं मागावं, हे कोणत्या घराला रुचणार? किसनराव बिचारे कोतवालाचं बुक उघडून बसत. गावात जन्मलेलं प्रत्येक मूल कोतवाल त्या बुकात लिहीत असे. त्या यादीतलं मूल सापडलं नाही, की किसनराव नावापुढे लिहायचे 'गैरहजर'. हा शब्द जरा लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे त्यानंच सगळा धिंगाणा घातला.

किसनराव निवृत्त झाले तेव्हा देवी काढणारे नेमणाऱ्या कमिटीपुढे एक अर्ज आला आणि अकोल्याच्या कचेरीत खळबळ उडाली. अर्ज बाईचा होता! माणिकबाई तिचं नाव. पातूरचा सहदेव भाजीपाला पिकवायचा, त्याची ही बायको. माहेरी अमरावतीला सात इयत्ता शिकलेली आणि दवाखान्यात तीन महिने टोचणीचं काम शिकून आलेली. कमिटीतले एक सभासद, महादेवराव पाटील, मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बाईले हे काम झेपते काय? पेटी तरी उचलन का थे?" अध्यक्ष रामराव मवाळ माणूस. त्यांनी मधला मार्ग काढला. कार्तिकापासून होळीपर्यंत एक हंगाम बाईला द्यायचा. जमलं तर कायम, नाही तर पेटी परत.

म्हणजे माझंही नशीब तिच्या पदराला बांधलं गेलं. 

किसनराव मला घेऊन स्वतः तिच्या घरी आले. पट्टा तिच्या खांद्यावर टाकला तर मी थेट गुडघ्यापर्यंत लोंबले. सहदेव हसून म्हणाला, "तुह्यापेक्षा पेटीच मोठी दिसून राहिली."  माणिकबाईनं पट्टा सोडला, भाजीच्या पाटीसाठी ठेवलेली चुंबळ डोक्यावर ठेवली, गोणपाट ओलं करून माझ्याभोवती गुंडाळलं आणि मला अलगद डोक्यावर चढवलं.

"हे ओलं फडकं काहून?" किसनरावांनी विचारलं.

"भाजी कशी टिकते मामंजी, पानी मारल्याबिगर? मंग लस कशी टिकन?" ती म्हणाली. किसनराव काही सासरे नव्हते तिचे, पण वयाचा मान म्हणून ती त्यांना मामंजी म्हणे.

किसनरावांनी ओल्या गोणपाटावर हात ठेवून पाहिला. बावीस वर्षं मी त्यांच्या खांद्यावर तव्यासारखी तापले होते, आतली लस कितीदा तरी नासली होती आणि टोचूनही लस लागल्याचा फोड न आल्यामुळे लोक त्यांना नावं ठेवत होते. आणि आता बघा, गोणपाटाचा तो गारवा माझ्या फळ्यांना लागला आणि मला नव्यानं जन्मल्यासारखं वाटलं.

पहिल्याच गावात काय गंमत झाली सांगू? ओलं गोणपाट आणि डोक्यावर बोजा बघून दारं लागायच्या ऐवजी पटापट उघडली. बाया कडेवर लेकरं घेऊन बाहेर आल्या. "वांगे कसे दिले वं?" दुर्गाबाई नावाच्या म्हातारीनं हाक मारली. माणिकबाईनं मला तिच्या ओट्यावर टेकवलं आणि म्हणाली, "वांगे नाईत मावशी, लेकरं जगवाचं औषध हाये. पानी तर पाजा, मंग सांगतो." बाया हसल्या, बसल्या, पाणी झालं. संध्याकाळपर्यंत त्या ओट्यावर चौदा बाळं टोचून झाली. चौदा! किसनरावांना महिनाभर पायपीट करून एवढी मिळत. मी आनंदानं नुसती फुलून गेले होते.

पण तिची खरी करामत पुढेच होती. प्रत्येक घरात बुकातली नावं संपली की ती आणखी एक प्रश्न विचारायची, "तुमची सून औंदा बाळंतपनाले माहेरी गेलती काय?" आणि दर चौथ्या-पाचव्या घरातून उत्तर यायचं, "हाव, गेलती ना. आता आली लेकरू घेऊन." मग माजघरातून एक सून लाजत बाहेर यायची, कुशीत गुबगुबीत बाळ. त्या बाळाचं नाव आमच्या बुकात कुठेच नसायचं. माणिकबाई त्याला टोचायची आणि रजिस्टरात मागच्या पानावर वेगळं लिहायची. बाळाचं नाव, बापाचं नाव, आजोळचं गाव आणि सासरचं गाव.

अशाच एका मोठ्या घरात सासूबाईंनी तिला मागच्या दारानं आत घेतलं. "आमच्या घरधन्याले टोचनं पटत नाई," त्या हळूच म्हणाल्या, "पन मले माहा नातू पाह्यजे. टोच तू. मी पाहून घेतो." नातवानं गळा काढला, आम्ही टोचून मागच्या दारानंच बाहेर पडलो. ते घर कोणाचं, ते आत्ताच नाही सांगत. पेटीला पोट असतं ते कशासाठी?

होळी झाली आणि कचेरीतून हुकूम आला: पेटी व रजिस्टर घेऊन हजर राहावे. माणिकबाईनं कागद दोनदा वाचला. तिची नऊ वर्षांची शालू शेजारी बसून माझं पितळ घासत होती. शालूचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. पोर हुशार, बोलकी, पण कुणी नवं माणूस आलं की ओढणीत तोंड लपवायची. "पेटी परत नेतील काय व माय?" तिनं विचारलं. माणिकबाईनं तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "नेऊ नाई देत." शब्द मोठे होते, आवाज बारीक होता. तो हंगाम गेला की पुन्हा कुठली बाई या कामाचा अर्ज करायला धजली असती?

अकोल्याला कमिटी बसली होती. किसनरावांनाही बोलावलं होतं. मला टेबलावर ठेवलं. महादेवरावांनी रजिस्टर उघडलं, कोतवाल बुक शेजारी धरलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"पाहा अध्यक्षसाहेब. बुकात नाई असे बावन्न लेकरं हिनं टोचले. हे बावन्न आले कुठून? आभायातून पडले? आकडा फुगवाले खोटे नावं लिहिले या बाईनं."

खोटे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुलपाची कडी असती हातात तर वाजवलीच असती. माणिकबाई उभी राहिली.

"खोटं एक बी नाई. मागच्या पानावर सारे नावं हायेत. पन मोठ्यानं वाचू नका, एवढी विनंती हाये."

"काहून? भेव वाटते?" महादेवराव गरजले. "वाचा रामराव. मोठ्यानं वाचा. साऱ्याईले ऐकू द्या."

रामराव वाचू लागले. एक नाव, दोन नावं, दहा, अठरा. एकोणिसाव्या नावावर ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी रजिस्टर महादेवरावांपुढे सरकवलं.

आता ओळखलं ना, मित्रांनो, ते मागचं दार कोणाचं होतं? हो, महादेवरावांच्याच घरचं, आणि त्या सासूबाई म्हणजे त्यांच्या पत्नी पार्बताबाई. एकोणिसावं नाव त्यांच्या नातवाचं होतं. आजोळ बाळापूरकडचं, म्हणून पातूरच्या बुकात नाही.

महादेवरावांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. "आमची तर म्हने, दंडाले मुंगळा चावला," ते पुटपुटले. कमिटीत हशा पिकला. माणिकबाई हसली नाही. ती हलकेच म्हणाली, "लेकरू सुखरूप हाये पाटील. आजीले काई बोलू नका. तिनं पुन्य केलं."

मग रामरावांनी विचारलं, "पण बाई, बुकात नसलेली मुलं शोधायचं तुमच्या डोक्यात आलं कसं?"

"पयलं बाळंतपन माहेरी होते, साहेब. लेकरू जलमते आजोळी, तं नाव लागते आजोळच्या बुकात. चार-पाच महिन्यानं देवी काढनारा तिथं जाते, तं लेकरू सासरी आलेलं. सासरच्या बुकात त्याचं नावच नाई. दोन्ही गावात हिंडूनही थे कोनालेच भेटत नाई." तिनं माझ्या कडेला हात टेकवला. "माही शालू अशीच राह्यली. अमरावतीले गैरहजर लिहिली आन पातूरले कोनी इचारलंच नाई. दुसऱ्या वर्षी तिले देवी निघाल्या. जगली, पन तोंड पाहाल तिचं तं समजन तुमाले."

 मग कोपऱ्यातून किसनराव उठले. टेबलापाशी आले.

"बावीस वर्सं म्या गैरहजर लिहत आलो साहेब. माही सोताची पोरगी माह्या घरी बाळंत झाली, तरी मले हे सुचलं नाई. हे बाईलेच सुचाचं होतं. पेटी तिच्यापाशीच राहू द्या."

रामरावांनी महादेवरावांकडे पाहिलं. महादेवरावांनी रजिस्टर मिटलं, दोन्ही हातांनी उचलून माझ्या पोटात ठेवलं आणि माझं झाकण स्वतः लावलं. "कायम करा," ते म्हणाले. "आन एकाच बाईनं वीस गावं कसे होतीन? आणखी दोघी पाहा."

त्या दिवशी माणिकबाई मला डोक्यावर घेऊन मोटरस्टँडपर्यंत चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. आतल्या काचेच्या नळ्या किणकिणत होत्या. मला वाटलं, मीच गातेय.

पुढच्या हंगामात अमरावतीहून गोदाबाई आली, मागोमाग बेबीताई आली. कोतवालाच्या बुकात आजोळचं आणि सासरचं अशी दोन्ही गावं लिहायची रीत आमच्या भागात पडली. 'गैरहजर' हा शब्द लिहायची वेळ क्वचितच येऊ लागली. मी मात्र झिजले. पट्टा तुटला, एक पितळी कोपरा गळाला आणि शेवटी दवाखान्याच्या फळीवर जाऊन बसले. वर्षभर माझ्यावर धूळ बसली. कुणी माझ्यात जुने बूट ठेवले, तेव्हा मला रडू आलं.

आणि मागच्या कार्तिकात काय झालं माहीत आहे? दवाखान्यात एक तरुण मुलगी कामावर रुजू झाली. नवी कोरी पत्र्याची पेटी मिळाली होती तिला. तोंडावर वण, पण मान ताठ, ओढणी खांद्यावर. शालू! तिनं मला फळीवरून उतरवलं, बूट काढून फेकले, लहानपणी घासायची तसंच माझं पितळ घासलं आणि मला दारापाशी ठेवलं. आता रुजू व्हायला येणारी प्रत्येक बाई आधी मला पाहते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर धूळ बसू देऊ नका, त्यांच्या पोटात गोष्टी असतात. आणि कुठे कामाच्या जागी एखादी बाई उभी असेल आणि कुणी विचारत असेल, हिला झेपेल काय, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी दोघांबरोबर हिंडले आहे. किसनरावांच्या खांद्यावर आणि माणिकबाईच्या डोक्यावर माझं वजन एकच होतं.