पाठीमागचं पाणी

नांगराचा दोर उलट्या दिशेला ताणलेला दिसला आणि रहमियाने हातातला मासा तसाच पाटीत टाकला. अजून अर्धा तास तरी पाणी निवांत राहील असा तिचा अंदाज होता. तो साफ चुकला होता. ओहोटीने ओढ घेतली होती आणि होडी दोराभोवती फिरून उभी राहिली होती: नाळ, म्हणजे पुढचं टोक, प्रवाळाकडे, मागची बाजू खुल्या समुद्राकडे.

ती नाळेवर धावली. दीडशे हातांवर, प्रवाळाच्या उथळ पाण्यात, तिचा बा एक लाल रिंग ओढत पोहत होता. रिंगमध्ये केंदारी शहरातून सहलीला आलेली आठ वर्षांची नायला होती आणि शेजारी तिचे वडील, यूस्रान. तिघांचीही तोंडं मासे बघण्यासाठी पाण्यात होती. ओढ त्यांना होडीच्या दिशेने आणणार होती खरी, पण दहा हात इकडेतिकडे झाले की होडी हुकली. मग पुढे काळं पाणी, बेटबीट काही नाही.

"बा. ए बा, परत फिर."

बाने मान वर केली नाही. करणार कशी, त्याला ऐकूच येत नव्हतं. गावात त्याच्या वयाच्या कुणालाच धड येत नव्हतं. बाजोंची, म्हणजे समुद्रावरच जगणाऱ्या त्यांच्या जमातीची, पोरं चालायला लागली की बुडी मारायला लागतात. एक दिवस खोल गेलं की कानातून रक्त येतं, आठ दिवस डोकं भणभणतं आणि त्यानंतर जन्मभर कितीही खोल जा, दुखत नाही. रहमियाचे कान नवव्या वर्षी फुटले तेव्हा आजीने शेजारीपाजारी नारळाचा गोड भात वाटला होता. आता मात्र जग बदललं होतं. पाहुण्यांना समुद्रात नेणाऱ्यांचे कान तपासायला सोमवारी बंदरावर माणूस येणार होता. रहमियाने ते बापासून लपवलं होतं. पाहुण्यांना ती सांगायची, "बा जरा अबोल आहे." गेले तीन महिने दर फेरीला तिचं अर्धं लक्ष त्याच्याकडेच असायचं. आज संध्याकाळी ती त्याला सांगणार होती की आता बस झालं, उद्यापासून तुझ्या जागी गावातला तरणा जुमादी उतरेल.

आणि नेमकं आज हे.

तिने भोंगा उचलून वाजवला. मग भाताचं पातेलं पालथं करून पळीने बडवलं. तिघं तसेच खाली बघत होते. कालपरवा सांगितलं असतं तर, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. भिडेपायी गप्प बसली होती. बापाची मर्जी सांभाळायला गेली आणि परक्याचं लेकरू पणाला लावून बसली.

तेवढ्यात रिंगमधल्या नायलाने डोकं वर काढलं. तिने हात लांब केला, बाच्या पाठीवर थापटलं आणि होडीकडे बोट दाखवलं. बाने बघितलं. लगेच रिंगचा दोर दातात धरून तो असा काही सुटला की सत्तरीचा म्हातारा आहे हे कुणाला सांगून पटलं नसतं. यूस्रानही त्याच्या मागोमाग हात मारू लागला.

"या अल्ला," रहमिया पुटपुटली. पातेल्याने काम केलं होतं.

रिंग होडीला टेकली तशी तिने नायलाला बखोटीला धरून वर ओढलं. यूस्रान कडेला लोंबकळत राहिला, त्याला धाप लागली होती. बाने दोराचं टोक रहमियाच्या हातात कोंबलं आणि वर न चढताच तो होडीच्या कडेने मागे पोहत निघाला.

"आता कुठे चाललास?" ती त्याच्यावर खेकसली. "वर ये आधी. तुझ्यामुळे आज..."

बोलता बोलता ती वळली.

होडीमागचा दोर पाण्यावर रिकामा तरंगत होता. वुलान, नायलाची आई, तो दोर धरून होती. "ताई, मला खोलात जमायचं नाही, मी आपली इथूनच मासे बघते," असं ती म्हणाली होती आणि रहमिया तिला साफ विसरून गेली होती. दूर, काळ्या पाण्यात, एक नारिंगी ठिपका खालीवर होत होता. त्याच्याकडे बाचं पांढरं डोकं चाललं होतं.

पुढचं सगळं तिच्या हातांनी आपोआप केलं. यूस्रानला कॉलर धरून आत घेतलं, नांगर तोडल्यासारखा ओढला, इंजिन सुरू केलं. ती पोचली तेव्हा बाने वुलानला पाठीवर घेतलं होतं आणि तो शांतपणे पाय मारत होता.

वुलानला वर घेतलं तरी तिचे दात वाजत होते. लाइफ जॅकेटला बांधलेली शिटी तिने मुठीत घट्ट धरली होती. होडी पुन्हा उथळात आणून रहमियाने इंजिन बंद केलं, वुलानच्या अंगाभोवती लुंगी गुंडाळली आणि हातात गरम चहा दिला.

"किती वाजवली मी शिटी," वुलान रडत म्हणाली. "फुंकून फुंकून छाती दुखली. तुम्ही तर एवढ्या जवळ होतात, ताई. पाठमोऱ्या. एकदासुद्धा वळला नाहीत."

"भोंगा वाजवत होते ना मी. त्या आवाजात..."

"भोंग्याच्या आधीपासून वाजवत होते."

"मला ऐकू आली," नायला म्हणाली. "म्हणून तर आजोबांना दाखवलं. ते बघेचनात, मग पाठीवर मारलं."

"पाण्यात तोंड घालूनसुद्धा ऐकू येत होती. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या होडीवर असेल," यूस्रान हळूच म्हणाला. तो रहमियाकडे बघत होता आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

नायलाने आईच्या मुठीतून शिटी काढून घेतली. होडीच्या टोकाला जाऊन तिने गाल टम्म फुगवले. वुलानने कपाळाला आठ्या घालून दोन्ही कानांवर हात ठेवले. यूस्रानही दचकला.

रहमिया वाट बघत राहिली. होडीला लागणारं पाणी तिला दिसत होतं, नायलाचे गाल पुन्हा फुगलेले दिसत होते. तिने इंजिनाकडे पाहिलं. ते बंदच होतं. माणसांचं बोलणं तिला कळायचं; ते कानांनी की त्यांच्या ओठांवरून, हे तिने कधी तपासलंच नव्हतं. सात वर्षं ती या होडीवर माणसं आणत होती.

बा ओल्या अंगाने तिच्या समोर येऊन बसला. तिची नजर आपल्या ओठांवर येईपर्यंत तो थांबला.

"बंदरावरच्या त्या माणसाचं मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "सोमवारी आपण दोघंही जाऊ."