एकाच फोनवरची मतं

राळेगाव आगारात मी सव्वीस वर्षं कंडक्टर होते. माझा आवाज घंटीशिवाय ड्रायव्हरपर्यंत पोचायचा, आणि मी 'पुढे सरका' म्हटलं की माणसं खरंच पुढे सरकायची. अशा बाईनं निवृत्त झाल्यावर बहिऱ्या लेकरांच्या शाळेत जाऊन बसावं, याच्यावर माझ्या दिरापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी हसून घेतलं. हसोत बापडे. नवरा गेल्यावर घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा ते बरं होतं.

शाळा कमरुन्निसाची. शाळा म्हणजे तिच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या. तिचा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. त्याच्यासाठी ती नागपूरला जाऊन हातांची भाषा शिकून आली, आणि हळूहळू आजूबाजूची लेकरं येऊ लागली. अकरा लेकरं होती. मी त्यांना जेवू घालायचे, नाकं पुसायचे आणि त्यांच्याकडूनच खाणाखुणा शिकायचे. कमरुन्निसा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तरी मी तिला आपा म्हणायचे. सगळं गावच म्हणायचं.

या अकरांत अपेक्षा होती. नऊ वर्षांची, चौदा किलोमीटरवरच्या तांड्यातली. बाप भीमसिंग तिला मोटरसायकलवर आणायचा. मार्चमध्ये तो रस्त्याच्या कामावर दूर गेला, तो वर्षभरासाठी. एसटी तांड्यात जात नाही, फाट्यावर सोडते. तिथून तीन किलोमीटर चालायचं. आई लालीबाई रोजानं निंदणाला जाते. शाळेच्याही आधी एकदा तिनं लेकीला शेतात नेलं होतं, तर मागून येणारा ट्रॅक्टर पोरीला ऐकू आला नाही. थोडक्यात वाचली. तेव्हापासून लालीबाई सकाळी तिला घरात ठेवून बाहेरून कडी लावायची आणि सांजेला उघडायची. सात महिने शाळेत आली तेवढीच ती पोरगी उजेडात होती. तेवढ्यात ती नाव लिहायला शिकली, बेरजा शिकली, आणि हातांनी भांडायला तर अशी शिकली की मला हार मानावी लागायची.

"बाई, जूनमंदी गाडी आली तं पोरीले धाडीन," लालीबाईनं मला सांगितलं होतं. "नाई तं मंग कडीच हाय. मी तरी काय करू?"

गाडीची बातमी इम्तियाजनं आणली. बसस्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पस्तिशीचा, कमी बोलणारा, आणि मला मावशी म्हणणारा. मुंबईच्या एका कंपनीनं स्पर्धा ठेवली होती. राज्यातल्या नऊ संस्था. ज्या संस्थेला ऑनलाइन सगळ्यात जास्त मतं पडतील तिला सोळा सीटची गाडी, ड्रायव्हरच्या वर्षाच्या पगारासकट. एका मोबाईल नंबरला एक मत. नंबर टाकायचा, त्यावर ओटीपी येतो, तो भरला की मत झालं. मुदत मे महिन्यातले एकवीस दिवस. आपानं शाळेचं नाव भरलं होतं आणि ते नऊत निवडलं गेलं होतं.

बाकीच्या आठ संस्था शहरांतल्या. त्यांच्या लोकांनी घरी पंख्याखाली बसून फोन दाबले असतील. आमच्याकडे अर्ध्या लोकांकडे बटणांचे फोन, उरलेल्यांचा पॅक संपलेला. मग मीच उपाय काढला. नंबर त्यांचा, ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि मत टाकायचं माझ्या फोनवरून. मी बाजारात उभी राहायचे, माणूस आपला फोन माझ्या हातात द्यायचा, मी आकडे वाचून भरायचे आणि फोन परत. एकाला पाऊण मिनिट लागायचं.

आता ओटीपी कोणाला सांगू नका, असं फोन लावला तरी ऐकू येतं. पण मी सव्वीस वर्षं या माणसांना सुटे पैसे परत केले होते. त्यांनी बिनधास्त फोन दिले. वडकीच्या बाजारात एक म्हातारा फोन देऊन अंगठा पुढे करून उभाच राहिला.

"काय पाह्यजे बाबाजी?" मी विचारलं.

"मत देल्लं ना? मंग शाई लाव ना वं बोटाले."

आपा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तिसऱ्या दिवशी इम्तियाज माझ्याजवळ आला. खाली बघत म्हणाला, "मावशी, एकाच फोनवरून इतकी मतं नोका टाकू. त्याइच्या सिस्टीमले शक येईन. दुकानात जुने फोन पडले हायेत, आठ-दहा चालू करून देतो. गावागावात ज्याच्याजवळ नेट हाय त्याले पन लावू कामाले. टाईम लागन, पन—"

टाइमच तर नव्हता. त्या दिवशी आम्ही सहाव्या नंबरवर होतो, डोक्यावर पंचेचाळीसचं ऊन होतं आणि माझ्यापुढे पन्नास माणसांची रांग. माझं डोकं तापलं.

"काहून रे, मी काय चोरी करून राह्यली काय?" मी ओरडले. "एका मशीनमधून मी गाडीभर तिकिटं फाडली. मशीन एक म्हणून पॅसेंजर खोटे होते काय? ज्याचं मत त्याचं. तू आपला फोन चार्ज करून दे, शिकवू नोको मले."

रांगेतली माणसं हसली. आपाही हसत म्हणाली, "जाऊ दे इम्तियाज, कंडक्टरशी कोन भांडते?" मग इम्तियाजनं गळ्यातली पॉवर बँक काढून माझ्या फोनला लावली आणि फोन तापू नये म्हणून वर पुठ्ठा धरून उभा राहिला. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. मोठ्या माणसाला दोनदा सांगायचं नाही, असा त्याच्यावर संस्कार. तो संस्कार नसता तर बरं झालं असतं.

पण ते एकवीस दिवस! खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यात तसे दिवस आले नव्हते. सकाळी सहाला निघायचं, बाजार, लग्नं, तेरव्या, दवाखान्याच्या रांगा, काही सोडलं नाही. एका मांडवात तर नवरदेवाचा फोन मी अक्षता पडायच्या आधी घेतला. दुपारी कुठल्यातरी निंबाखाली तिघांनी डबे उघडायचे. आपाच्या डब्यातलं मटण मी शाकाहारी असून वास घेऊन संपवायचे, असं इम्तियाज म्हणायचा. मी त्याला भाकरीवर ठेचा घालून द्यायचे आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की मला बरं वाटायचं.

अशाच एका दुपारी आपानं सांगितलं की तिचं लग्न ठरलं होतं, पण त्या लोकांना बहिरा भाऊ घरात नको होता. तिनं अंगठी परत पाठवली. सांगून ती भांडी आवरायला लागली, जणू भाजीचा भाव सांगितला. तेव्हा मी पण सांगितलं. मला मुलगी झाली होती, अकरा दिवस जगली, आणि बाराव्या दिवशी जे नाव ठेवणार होतो ते मी नंतर कधी तोंडातून काढलं नाही. सव्वीस वर्षं गाडीभर माणसांशी बोलले, पण हे नवऱ्याशीसुद्धा पुन्हा बोलले नव्हते. आपानं नाव विचारलं नाही. तिनं माझा हात धरला आणि बाजार पुन्हा भरेपर्यंत तो सोडला नाही.

तांड्यावरची मतं लालीबाईनं गोळा केली. मजुरी बुडवून दोन दिवस ती घरोघर फिरली, फोनवाल्यांना हाताला धरून समाजमंदिराच्या ओट्यावर आणलं. दोनशे बारा मतं. तिथल्या नायकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं, मत घेतलं तेव्हा तिनं डोक्यावर पदर घेऊन त्यांना आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि म्हाताऱ्यानं आपल्या तिन्ही सुनांचे फोन मागवून घेतले. अपेक्षा माझ्याजवळ बसून प्रत्येक मताला पाटीवर एक रेघ ओढत होती. लालीबाईनं हातवारे करून तिला एवढंच समजावलं होतं की शाळा उघडली की गाडी येणार, थेट दारात.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आमची मतं होती नऊ हजार तीनशे सोळा. दुसऱ्या नंबरची संस्था सहा हजारांच्या आसपास. इम्तियाजच्या दुकानात आम्ही पेढे वाटले. मी त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हटलं, "पाह्यलं? मोठा आला सिस्टीमवाला!" तो नुसता हसला.

निकाल जूनच्या पाच तारखेला लागला. नऊ संस्थांच्या यादीत आम्ही आठव्या. मतं एक हजार चारशे तीन.

आधी वाटलं, छापण्यात चूक झाली. मग आपाच्या मेलवर आलेलं पत्र इम्तियाजनं वाचून दाखवलं. एकाच मोबाईल संचावरून नोंदवलेली सात हजार नऊशे तेरा मतं बनावट असल्याच्या संशयावरून बाद करण्यात आली आहेत. संस्थेला पुढील तीन वर्षं भाग घेता येणार नाही. निर्णय अंतिम.

मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलत होती. मी तिला सांगितलं की हे सगळे जिवंत लोक आहेत, मी एकेकाला तुमच्यासमोर उभं करते, वडकीचा म्हातारा, नवरदेव, सगळे. ती म्हणाली, "मॅडम, मी समजू शकते, पण नियमात स्पष्ट लिहिलं होतं." नियम इंग्रजीत होते, लांबलचक, आणि ते इम्तियाजनं वाचले होते. म्हणून तर तो तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ आला होता. त्यालाच मी चारचौघांत गप्प केलं.

त्यानं मला एक शब्द ऐकवला नाही. उलट म्हणाला, "मावशी, चूक माही हाय. म्या जोरानं सांगाले पाह्यजे होतं." त्यापेक्षा त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती तर मी सुखानं घरी गेले असते. आपा आत जाऊन लेकरांच्या जेवणाच्या ताटल्या पुसत बसली. सुट्टी होती, ताटल्या स्वच्छच होत्या.

त्यानंतर मी बाजारात जाणं सोडलं. कारण जो तो विचारायचा, "कंडक्टरबाई, आली काय आपली गाडी?" आपली म्हणायचे. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू की तुमचं मत बनावट ठरलं, आणि ते माझ्या घाईनं ठरलं? लालीबाईचे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. गावातली दहा लेकरं कशीबशी येतील, असं आपानं बसवलं होतं. प्रश्न एकट्या तांड्याचा होता. पोरीला माझ्याकडे राहू दे, असं मी मागेच म्हटलं होतं, पण बाप गावाला असताना लालीबाई तिला रात्री बाहेर ठेवायला तयार नव्हती. वर्षभर रोज रिक्षा करणं आमच्या ऐपतीबाहेर होतं, आणि इम्तियाजनं दुकान बंद ठेवून मोटरसायकल हाकली असती तरी किती दिवस हाकणार?

शाळा उघडली त्या सोमवारी मी सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरले आणि चालत निघाले. लालीबाई वाटेतल्याच ओलिताच्या कपाशीत निंदत होती. बांधावर उभी राहून मी तिला सगळं सांगितलं, माझी चूक पण सांगितली, काही झाकलं नाही. तिनं खुरपं खाली ठेवलं.

"आमच्या तांड्याची दोनशे बारा मतं," ती म्हणाली, "ते पन खोटी?"

"हो."

"माहं पन? म्या तं सवताच्या हातानं फोन देल्ला तुमाले."

मी मान हलवली. तिनं खुरपं पुन्हा उचललं. मग म्हणाली, "पोरीले तुमीच सांगा, बाई. मले तिची बोली येत नाई. अन् निंगतांनी कडी लावजा, बाजूलेच उघडी हीर हाय, पोरगी पडन." आणि ती पुन्हा पिकाच्या तासात निंदायला बसली.

घराची कडी मी काढली. दार उघडल्यावर उजेड आत गेला तशी अपेक्षा वळली. मला बघून ती उठली. खुंटीवरचं दप्तर काढलं, पाठीला लावलं, चपला हातातच घेतल्या आणि माझ्या बाजूनं बाहेर पळाली. वेणी घातलेली होती, रिबीन बांधलेली होती. रस्त्यावर उभी राहून तिनं दोन्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हातांनी विचारलं, गाडी कुठे?

मी सांगितलं. गाडी नाही. आज नाही, उद्या पण नाही. तिनं माझे हात नीट पाहिले. पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. माझी चूक, हेही सांगितलं, छातीवर हात ठेवून. मग आम्ही ओट्यावर बसलो, ती दप्तर न काढता. मी तिला डब्यातली पोळी दिली, तिनं अर्धी खाल्ली. पुस्तक काढलं, दोन धडे झाले. पण फाट्यावरून परतीची एसटी साडेचारची, तीच शेवटची, आणि लालीबाई यायला सहा वाजणार होते.

साडेतीन वाजले तशी मी उठले. तिला कळलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर मी थांबले असते, कुठेही झोपले असते. ती आपल्या पायांनी आत गेली, भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी दार ओढून घेतलं. मग कडी माझ्याच हातानं लावली.