आतले पदर

माझ्या धाकट्या भावाला डाव्या गुडघ्याखाली पाय नाही, पण तो पळतो, आणि असा पळतो की बघणाऱ्याला धाप लागावी. पळताना तो कार्बन फायबरचं वाकडं पातं लावतो. उद्या निवडीची शर्यत, आणि आज सकाळी व्यायामशाळेत नेमकं त्या पात्यावर लोखंडी वजन पडलं. दुसरं पातं त्याच्याकडे नाही. तेच काखोटीला मारून तो तडक माझ्या प्रयोगशाळेत आला.

"ओरखडासुद्धा नाही, तायडे," तो म्हणाला. "तुझ्या कॉम्प्युटरकडून एकदा हो म्हणवून घे."

माझी नोकरीच ती. अशा थराथरांच्या वस्तूला मार बसला की आत काय होतं, ते मी कॉम्प्युटरवर काढून दाखवते. पात्याची मापं घेतली, पडद्यावर वजन टाकलं, गणित चालवलं. सगळं हिरवंगार.

"झालं तर," म्हणत तो उठलासुद्धा.

मी पडद्यावरची मांडणी पुन्हा एकदा पाहिली. घाईत मी थर असे चिकटवले होते की ते सुटूच शकणार नव्हते. "थांब," मी म्हटलं, "या थरांना मी आपसात भांडायची मुभाच दिली नव्हती."

थरांमधल्या गोंदाला त्याची खरी ताकद दिली आणि पुन्हा वजन टाकलं. वरचा थर जसाच्या तसा. खाली मात्र एक लाल ठिपका उमटला, पसरला आणि थेट भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा झाला. आतले पदर सुटले होते. मी नाणं काढून खऱ्या पात्यावर वाजवत गेले. टण, टण, टण, थप. जिथं थप, म्हणजे आतून सुटलेलं, तिथं खडूची खूण. खुणा जोडल्या, तर तीच शेंग.

"तस्संच आलं!" मी टाळ्या पिटत ओरडले, आणि मग त्याचा चेहरा पाहिला. माझी जीभ झडावी असं वाटलं.

"तुला हवं तेच ऐकू येतंय," तो म्हणाला. "यंत्रात घाल. मी पळतो तेवढा दाब दे. टिकलं तर उद्या पळणार."

दाबयंत्रात पातं चढवलं. काटा सरकू लागला. तो 'टिकू दे, टिकू दे' पुटपुटत होता. मी मनात काय मागत होते ते सांगवत नाही. निम्म्या दाबालाच काड्कन आवाज झाला आणि पातं बरोबर खडूच्या रेघेवर उकलून तुटलं.

मी ओठ घट्ट मिटून उभी. त्यानं तुकडा उचलला, रेघेवरून बोट फिरवलं.

"हस की, तायडे," तो म्हणाला. "किती वेळ तोंड दाबून धरशील? आहे तो एक पाय वाचवलास माझा."

मी हसायला गेले आणि मला रडूच फुटलं.